परदेशी विद्यापीठाचा कॅम्पस की परदेशी विद्यापीठाशी करार? पदवी कोणाची ते आधी बघा

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर फ्लेक्स झळकायला लागतात. कॅनडा कॉर्नरच्या तर नावातच परदेश, त्यामुळे 'परदेशी पदवी, आता तुमच्या शहरात' ही ओळ तिथे शोभूनही दिसते. खाली बारीक अक्षरांत 'अमुक युनिव्हर्सिटीच्या सहयोगाने' असं लिहिलेलं असतं. पालक वरची ओळ वाचून आत शिरतात आणि फी भरतात ती खालच्या ओळीची.

या 'सहयोगा'खाली दोन वेगळ्या गोष्टी सरसकट खपवल्या जातात. एकात परदेशी विद्यापीठ स्वतः भारतात येऊन कॅम्पस उघडतं. दुसऱ्यात ते आपल्या देशातच राहतं आणि इथल्या विद्यापीठाशी करार करून अभ्यासक्रम चालवतं. माहितीपत्रकात दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. पदवीच्या कागदावर मात्र फरक पडतो.

कॅम्पसचं प्रकरण समजायला सोपं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्यासाठी नियम काढले. जागतिक क्रमवारीत, एकूण किंवा त्या विषयात, पहिल्या 500 मध्ये असलेल्या विद्यापीठाला येता येतं, आणि सुरुवातीची परवानगी 10 वर्षांची असते. शिक्षक तेच नेमणार, परीक्षा तेच घेणार, पदवी त्यांच्याच नावाची. ती भारतात चालावी म्हणून समकक्षतेचा (ती इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा) दाखला काढत फिरावं लागत नाही. गुरुग्राममध्ये ब्रिटनचं साउदॅम्प्टन विद्यापीठ 2025 मध्ये या नियमांखाली सुरू झालं. गुजरातच्या गिफ्ट सिटीत डीकिन आणि वोलोंगाँग ही ऑस्ट्रेलियन विद्यापीठं त्याआधीच आली, पण तिथली परवानगी यूजीसीची नसून गिफ्ट सिटीच्या वित्तीय नियामकाची. तिथे वित्त, तंत्रज्ञान, विज्ञान, गणित असे ठरावीकच विषय शिकवता येतात. आपल्याला जवळची म्हणजे नवी मुंबई. जून 2025 मध्ये यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांच्यासह पाच परदेशी संस्थांना तिथल्या कॅम्पससाठी इरादापत्रं, म्हणजे प्राथमिक संमतीची पत्रं, दिली गेली. इरादापत्र मिळालं म्हणजे वर्ग भरले असं होत नाही; 'मुंबईत कॅम्पस आहे आमचा' म्हणणाऱ्याला वर्ग भरतात का ते जरूर विचारून घ्यावं.

हा उलटा प्रवासही चालतो. नाशिकची बरीचशी कॉलेजं ज्याच्याशी संलग्न आहेत त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कतारमधल्या दोह्यात 2021 पासून कॅम्पस आहे. आयआयटी मद्रास 2023 मध्ये झांझिबारला गेली, आयआयटी दिल्लीचे वर्ग 2024 मध्ये अबुधाबीत सुरू झाले.

खरा गोंधळ करारात आहे. त्याचे नियम मे 2022 चे, आणि त्यात तीन प्रकार आहेत: ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री. ट्विनिंगमध्ये विद्यार्थी थोडा अभ्यास तिकडच्या विद्यापीठात करतो. मात्र तिकडचे क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) जास्तीत जास्त 30 टक्के, आणि पदवी फक्त भारतीय विद्यापीठाची. हे पालकांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड. मुलगा सहा महिने इंग्लंडला राहून आला, तिथल्या ग्रंथालयासमोर उभं राहून काढलेले फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरले, म्हणजे पदवी इंग्लंडची असणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात पदवीवर इथल्याच विद्यापीठाचं नाव येतं. ट्विनिंगचा फायदा नाही असं माझं मुळीच म्हणणं नाही. तो अनुभवाचा फायदा आहे, आणि त्याची किंमत तेवढीच समजून मोजावी.

जॉइंट डिग्रीत दोन्हीकडे किमान 30-30 टक्के क्रेडिट घ्यावे लागतात आणि एकाच पदवीपत्रावर दोन्ही विद्यापीठांची बोधचिन्हं येतात. ड्युअल डिग्रीत दोन्ही विद्यापीठं आपापली पदवी वेगळी देतात. पण अभ्यासक्रम एकच, विषय एकच, पातळीही एकच. सकाळी बी.कॉम. आणि संध्याकाळी दुसऱ्याच विषयाची पदवी, अशी दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभाही यूजीसीने 2022 मध्येच दिली, तेव्हापासून लोक दोन्ही एकत्र कालवतात. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

नाशिककरांचा आणखी एक गैरसमज होतो, आणि त्याचं कारण चांगलंच आहे. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला आपलं मुक्त विद्यापीठ आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत त्याने 1989 पासून महाराष्ट्रभर अभ्यासकेंद्रं उभी केली. कॉलेज एक, विद्यापीठ दुसरंच, वर्ग रविवारी, आणि पदवी अगदी अस्सल: ही रचना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की परदेशी विद्यापीठाचंही 'केंद्र' असू शकतं असं सहज वाटतं. ते चालत नाही. कॅम्पसच्या नियमांत परदेशी विद्यापीठाला अभ्यासकेंद्र किंवा फ्रँचायझी उघडायला मनाई आहे. कराराच्या नियमांतही फ्रँचायझी बाद आहे, आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाला ते नियम लागूच होत नाहीत. म्हणजे एखाद्या क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवार-रविवारी झूमवर लेक्चर आणि शेवटी परदेशी एमबीए, हे या दोन्हींपैकी एकातही बसत नाही. एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या, कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांशी हात मिळवून दिलेल्या अशा पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसीने डिसेंबर 2023 मध्ये दिला होता.

कॅम्पस आहे म्हणून डोळे मिटून जावं असंही नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने 2007 मध्ये सिंगापुरात मोठा गाजावाजा करून कॅम्पस उघडला आणि विद्यार्थी पुरेसे आले नाहीत म्हणून पहिल्याच सत्रानंतर बंद केला. आपल्याकडे यूजीसीच्या परवानगीशिवाय असं मध्येच उठून जाता येत नाही, आणि शिकत असलेल्या मुलांची पर्यायी सोय करण्याची जबाबदारी मूळ विद्यापीठावर आहे. करारात मात्र मूल सुरुवातीपासून इथल्या विद्यापीठाच्या पटावर असतं. तिकडे जाणं जमलं नाही तर त्याचे क्रेडिट कसे धरले जातील, हे आधी सांगावं लागतं. खर्चाच्या भीतीने कचरणाऱ्या घरासाठी ही बाजू जमेची आहे.

आणि ज्यांचा डोळा पदवीपेक्षा नोकरीच्या व्हिसावर आहे, त्यांनी एवढं पाहावं. ब्रिटनचा शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा ब्रिटनमध्ये राहून शिकलेल्यांसाठी आहे. गुरुग्रामला साउदॅम्प्टनची पदवी घेतली, तर पदवी खरी, पण तो व्हिसा तिच्या जोरावर मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या तशाच व्हिसालाही तिथे दोन शैक्षणिक वर्षांचा अभ्यास लागतो.

चौकशीला जाताना बहुतेक पालक एकच वाक्य पाठ करून जातात: 'यूजीसीचं पत्र दाखवा.' कॅम्पसला हा प्रश्न बरोबर आहे, गिफ्ट सिटी वगळता. करारवाल्यांच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण भारतीय विद्यापीठाचा नॅकचा (शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेचा) गुण किमान 3.01 असेल किंवा ते एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या विद्यापीठ-यादीत पहिल्या 100 मध्ये असेल, आणि परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या 1000 मध्ये असेल, तर यूजीसीची वेगळी परवानगी लागतच नाही. पत्र नसणं हा तिथे दोष ठरत नाही. तिथे नॅकचा गुण, क्रमवारी आणि दोन विद्यापीठांमधल्या कराराची प्रत मागायची, आणि पदवीपत्राचा नमुना हातात घेऊन वर कोणाचं नाव छापलंय ते स्वतः वाचायचं. समुपदेशक 'ते नंतर मेल करतो' म्हणाला, तर टोकनची रक्कमही मेल आल्यावरच भरायची.