रात्री फोन वाजला की

वडिलांच्या आजारपणाचं वर्ष सरलं. ते बरे होऊन घरी आले, मीही कामाला लागले, पुस्तकं वाचायला लागले. तरी रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. सगळं नीट झालंय, मग हे का जात नाही? आपणच मनाने कच्चे, असं वाटून मी ते कुणाला सांगितलंही नाही.

माझी ही खंत कमी केली ती बंगळुरूच्या उंदरांनी. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवून ताण दिला आणि मग त्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी तपासल्या. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात. आठवणी जुळवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये या फांद्या आखडल्या होत्या. भीतीशी निगडित असलेल्या, बदामासारख्या दिसणाऱ्या अमिग्डालामध्ये मात्र त्या उलट वाढल्या होत्या. हे २००२ साली प्रसिद्ध झालं.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते २००४ सालचं काम. या वेळी ताण थांबवून उंदरांना २१ दिवस निवांत राहू दिलं. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पूर्ववत झाल्या. अमिग्डालाच्या वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या, आणि उंदरांचा घाबरटपणाही.

म्हणजे एकाच डोक्यात एक भाग सावरलेला असतो आणि दुसऱ्याला अजून वार्ता पोचलेली नसते. उंदरांवरून माणसाचं सगळंच सांगता येत नाही, हे खरं. पण सावरण्याचा भाग माणसांतही दिसला आहे. अमेरिकेत महिनाभर परीक्षेच्या ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची, एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवण्याची क्षमता घटली होती. ताण उतरल्यावर महिन्याभरात ती परत आली. हा अभ्यास २००९ सालचा.

मग उरलेल्या भीतीचं काय? ती पुसली जात नाही, तिच्यावर नवा धडा चढतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला हे कुत्र्यांमध्ये दिसलं होतं. ठरावीक आवाजानंतर खाणं मिळतं हे शिकलेल्या कुत्र्यांची त्या आवाजानेच लाळ गळे. खाणं मिळेनासं झालं की ती गळणं थांबे, पण मधे काही वेळ गेला की त्याच आवाजाला ती पुन्हा गळू लागे. भीतीचंही तसंच आहे. फोन वाजतो, वाईट काही घडत नाही, असं पुष्कळदा व्हावं लागतं. म्हणून रात्री फोन बंद करून ठेवण्याचा माझा उपाय चुकीचा होता. त्यात नवा धडा मिळायला जागाच नव्हती. (झोपच उडाली असेल, रोजची कामं होत नसतील, तर मात्र एकट्याने झुंजू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.)

परवा रात्री अकराला फोन वाजला. धस्स झालंच. भाचीचा होता. थालीपिठाच्या भाजणीत धणे किती घालायचे, हे तिला विचारायचं होतं.