परदेशातलं वर्ष पदवीत धरलं जाऊ लागलं, त्याची गोष्ट

शिकायला परदेशी जाणं जुनंच. पण नाव आपल्याच विद्यापीठात ठेवून, आपल्याच प्राध्यापकाबरोबर वर्षभर बाहेर शिकायचं आणि परतल्यावर ते वर्ष पदवीत धरलं जायचं, ही सोय जेमतेम शंभर वर्षांची आहे.

तिची सुरुवात साधारणपणे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठापासून धरतात. तिथे फ्रेंच शिकवणारे रेमंड कर्कब्राइड पहिल्या महायुद्धात लढून आलेले. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी फ्रान्सला न्यावेत, हा त्यांचा आग्रह. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांना तो पटला आणि त्यांनी उद्योगपती पिएर द्यू पाँ यांच्यासारख्यांकडून पैसे उभे केले. ७ जुलै १९२३ रोजी कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन 'रोशाम्बो' जहाजाने निघाले. आधी नान्सी शहरात भाषेची तयारी, मग पॅरिसला सॉर्बोन विद्यापीठात वर्ग, राहायला फ्रेंच कुटुंबं. दोनच वर्षांत स्मिथ कॉलेजनेही आपल्या विद्यार्थिनी पॅरिसला पाठवल्या.

मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते कर्कब्राइड यांचं स्वतः बरोबर जाणं. व्याख्यान डोक्यावरून गेलं, यजमानांशी बिनसलं, घरची आठवण आली, तर विचारायला हक्काचं माणूस हवंच. शिवाय तिथे काय शिकून झालं हे आपल्या विद्यापीठाला ठामपणे सांगू शकतो तोही बरोबर गेलेला शिक्षकच.

अशी मान्यता नसली की काय होतं, हे सोफिया कोराडी यांनी सोसलं. रोममध्ये कायदा शिकणाऱ्या कोराडी १९५७-५८ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन आल्या, पण त्यांच्या विद्यापीठाने तो अभ्यास मोजायला नकार दिला. त्या गप्प बसल्या नाहीत. वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिल्या. १९८७ मध्ये युरोपात 'इरॅस्मस' योजना सुरू झाली; तिच्यात विद्यार्थी दुसऱ्या युरोपीय देशातल्या विद्यापीठात काही काळ शिकतात आणि तो अभ्यास घरच्या पदवीत धरला जातो. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. कोराडींना लोक 'मम्मा इरॅस्मस' म्हणू लागले.

या वाटेवर पुणंही आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या महाविद्यालयांच्या संघटनेने १९६९ पासून तिथे 'इंडिया स्टडीज' चालवलं. मुलं पुणेकरांच्या घरी राहायची, मराठी शिकायची, एखादा विषय घेऊन हिंडायची. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट याच संघटनेतल्या कार्लटन कॉलेजात शिकवत.

आपल्या मुलांसाठी असं दार फार उशिरा किलकिलं झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार, ट्विनिंग कार्यक्रमात, म्हणजे काही अभ्यास इथे आणि काही परदेशी विद्यापीठात करायच्या पदवीत, परदेशी विद्यापीठात मिळवलेले ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (अभ्यासाचे मोजमापाचे गुण) इथल्या पदवीत धरता येतात. मुलांबरोबर जाणाऱ्या प्राध्यापकाला रजा कोण देणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे आता प्रत्येक महाविद्यालयाने ठरवायला हवं.