‘पोटाला सुरक्षित’ ते ‘सुरक्षित’: सांधेदुखीच्या नव्या गोळीमागचा इतिहास

सांधेदुखीची नवी गोळी लिहून मिळाली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोटाला चालेल ना? प्रश्न अगदी योग्य आहे, पण अर्धाच आहे. तो अर्धा का राहिला, हे कळायला १९९९ ते २००५ ही सहा वर्षं नीट पाहावी लागतात.

त्याआधीचं थोडक्यात. अॅस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आली. तिने जठराच्या आतल्या अस्तराला इजा होते, हे १९३८ मध्ये दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसलं. पुढे इंडोमेथॅसिन, आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन, डायक्लोफिनॅक अशी रांग लागली. प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा पोटाला सोसेल अशी आशा होती आणि ती थोडीफारच खरी ठरली. मधे एक धक्का बसला, तो आता फारसा कोणाच्या लक्षात नाही. बेनॉक्साप्रोफेन हे औषध १९८० मध्ये ब्रिटनमध्ये मोठ्या गाजावाजाने आलं आणि १९८२ मध्ये मागे घेतलं गेलं. वृद्ध रुग्णांच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडे, साठत जाई, आणि यकृत निकामी होऊन मृत्यू झाले. सांधेदुखीचे रुग्ण मुख्यतः वयस्करच असतात, तरी ही गोष्ट औषध विकायला लागल्यावर कळावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत, हे १९७१ मध्ये उलगडलं. १९९०च्या सुमारास कळलं की ती द्रव्यं बनवणारी विकरं (एन्झाइम) दोन आहेत. कॉक्स-१ जठराच्या अस्तराची राखण करतं, कॉक्स-२ सूज आली की जागं होतं. मग फक्त दुसऱ्यालाच अडवलं तर? या विचारातून सेलेकॉक्सिब १९९८च्या अखेरीस आणि रोफेकॉक्सिब १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. यांना ‘निवडक’ औषधं म्हटलं गेलं. निवडक म्हणजे जठराला सोडून देणारी, एवढाच त्याचा अर्थ होता. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ‘निवडक’चं ‘सुरक्षित’ झालं आणि ‘पोटाला’ हा शब्द वाटेत गळून पडला. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या गळलेल्या शब्दात आहे.

नोव्हेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आमवाताचे ८,०७६ रुग्ण होते. इथे एक खुलासा हवा. आपण ‘संधिवात’ म्हणतो तेव्हा वयाने होणारी सांध्यांची झीजही त्यात येते आणि आमवातही येतो. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि हृदयविकाराचा धोका मुळातच वाढलेला असतो. चाचणी आमवाताच्या रुग्णांवर झाली, पण गोळी झिजेच्या दुखण्यालाही सर्रास दिली गेली. अर्ध्यांना रोफेकॉक्सिब, अर्ध्यांना नेप्रॉक्सेन. औषध नसलेली गोळी घेणारा तिसरा गट नव्हता. पोटाच्या बाबतीत निकाल चांगला लागला: अल्सर, रक्तस्राव यांसारख्या घटना दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांनी वर्षभर गोळी घेतली असं धरून) ४.५ वरून २.१ वर आल्या. त्याच शोधनिबंधात हृदयविकाराच्या झटक्यांचे आकडेही होते, ०.४ टक्के आणि ०.१ टक्के. जास्त झटके रोफेकॉक्सिबच्या बाजूला होते.

निबंधात हा फरक उलट बाजूने मांडला गेला. रोफेकॉक्सिबने झटके वाढवले असं न म्हणता नेप्रॉक्सेनने कमी केले असं म्हटलं गेलं. नेप्रॉक्सेन अॅस्पिरिनसारखी रक्त गोठण्याला अटकाव करते, म्हणून तिच्या गटाचं हृदय सांभाळलं गेलं, असा युक्तिवाद होता. तो अगदीच निराधार नव्हता. नेप्रॉक्सेन बिंबिकांवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) परिणाम करते हे खरं आहे. पण हिशेब करून पाहा. नेप्रॉक्सेनच्या गटात ४ झटके, रोफेकॉक्सिबच्या गटात १७, म्हणजे नेप्रॉक्सेनने तीन-चतुर्थांश झटके टाळले असं मानावं लागतं. हृदयविकार होऊन गेलेल्यांना रोज दिलेली छोटी अॅस्पिरिनसुद्धा गंभीर घटना साधारण एक-चतुर्थांशानेच कमी करते. शिवाय उलट शक्यतेला आधार होताच. कॉक्स-२ अडवलं की रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवणारं प्रोस्टासायक्लिन घटतं आणि गुठळी घडवणारं थ्रॉम्बॉक्सेन मात्र तसंच राहतं, हे १९९९ पासून माहीत होतं.

नंतर कळलं की १७ हा आकडाही पुरा नव्हता. पोटाच्या घटना मोजणं जिथे थांबवलं, त्याच्या महिनाभर आधीच हृदयाच्या घटना मोजणं थांबवलं होतं. त्या मधल्या काळातले तीन झटके, तिन्ही रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांचे, निबंधात आलेच नाहीत. ज्या नियतकालिकाने तो छापला, त्यानेच डिसेंबर २००५ मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली. तोपर्यंत पाच वर्षं गेली होती. या पाच वर्षांत ज्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आणि ज्या रुग्णांनी ती घेतली, त्यांतल्या बहुतेकांना यातलं काहीच माहीत असण्याचा मार्ग नव्हता. माहितीच्या पत्रकात हृदयाचा उल्लेख २००२ मध्ये आला, तोही सौम्य शब्दांत.

शेवटी उत्तर मिळालं ते सांधेदुखीशी संबंध नसलेल्या चाचणीतून. मोठ्या आतड्यातले मांसल कोंब पुन्हा होऊ नयेत म्हणून २,५८६ जणांवर रोफेकॉक्सिब तपासली जात होती, आणि या वेळी दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी होती. गुठळ्यांशी संबंधित गंभीर घटना रोफेकॉक्सिबच्या गटात ४६ आणि दुसऱ्या गटात २६ निघाल्या. नेप्रॉक्सेनचा आडोसा इथे नव्हता. ३० सप्टेंबर २००४ रोजी औषध जगभरातून मागे घेतलं गेलं. धोका १८ महिन्यांनंतरच वाढतो असंही तेव्हा सांगितलं गेलं. ते विश्लेषण २००६ मध्ये दुरुस्त करावं लागलं.

फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने मतदान केलं. सेलेकॉक्सिब बाजारात राहावी असं ३१ जणांना वाटलं, एकाला नाही. रोफेकॉक्सिब परत येऊ द्यावी की नाही यावर १७ विरुद्ध १५ अशी मतं पडली, आणि ती परत येऊ देण्याच्या बाजूने. ती आली नाही. सदस्यांपैकी काहींचे औषध कंपन्यांशी आर्थिक संबंध होते हे उघड झाल्यावर त्या निकालाचं वजन उरलं नाही.

पुढच्या काळात संशय जुन्या गोळ्यांकडेही वळला. २०१३ मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं की वर्षानुवर्षं विनातक्रार लिहिली जाणारी डायक्लोफिनॅक मोठ्या डोसमध्ये हृदयाला जवळपास या ‘निवडक’ गोळ्यांइतकीच जड जाते: दर १,००० रुग्णांमागे वर्षाला सुमारे तीन जास्तीच्या गंभीर घटना. त्यामुळे ‘जुनी आहे म्हणजे पारखलेली आहे’ हा आपला आवडता तर्कही टिकत नाही. २०१६ मध्ये २४,०८१ रुग्णांच्या चाचणीत सेलेकॉक्सिब ही नेप्रॉक्सेन आणि आयबुप्रोफेनपेक्षा हृदयाला वाईट ठरली नाही. घटनांचं प्रमाण अनुक्रमे २.३, २.५ आणि २.७ टक्के होतं. पण त्यात सेलेकॉक्सिबचा डोस मध्यम होता, सर्वांना सोबत पित्ताची गोळी दिली होती, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांनी औषध मधेच सोडलं. ज्यांना रोज ४०० मिलिग्रॅम लिहून दिली आहे, त्यांना या निकालाचा आधार घेता येत नाही.

अगदी वेगळ्या वाटेची औषधंही याच प्रश्नाशी येऊन थांबली. मज्जातंतूंच्या वाढीचं प्रथिन अडवून वेदना कमी करणारं टॅनेझुमॅब हे इंजेक्शन दुखणं कमी करत होतं, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने नष्ट होत होते. २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीने १९ विरुद्ध १ मताने त्याच्या विरोधात कौल दिला. इथे निदान प्रश्न वेळेत विचारला गेला.

आज या गटातल्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात ‘कमीत कमी परिणामकारक डोस, कमीत कमी दिवस’ अशा अर्थाची ओळ असते. ती औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये दिलेल्या इशाऱ्यांमधून आली. झिजलेला गुडघा आयुष्यभर दुखतो. त्याच्यासाठी कमीत कमी दिवस म्हणजे किती, हे त्या ओळीत लिहिलेलं नाही. ते गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं लागतं, सोबत आपला रक्तदाब, मूत्रपिंडं आणि आधी होऊन गेलेला हृदयविकार यांचं बोलून.