मोटिफ देऊन मोडएक्स घ्यायचा का : या वादामागची पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की कुडाळ-मालवणकडच्या कीबोर्डवाल्यांत एक विषय हमखास निघतो, यामाहाचा जुना कीबोर्ड मोटिफ एक्सएफ काढून त्याच कंपनीचा मोडएक्स घ्यायचा की नाही. वजन, पैसे, आवाज सगळं बोलून होतं आणि गाडी शेवटी सिक्वेन्सरवर, म्हणजे गाण्याची साथ कीबोर्डातच बांधून वाजवायच्या सोयीवर, येऊन अडते. तो वाद 2016 पासूनचा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. 1988 चा कोर्ग कंपनीचा एम वन सगळ्यांना माहीतच आहे, मग त्यांचाच 1995 ला टचस्क्रीनवाला ट्रिनिटी, 1999 ला ट्रायटन. आपल्याकडे ही वाद्यं बहुतेक मुंबईत वाजून-वापरून झाल्यावर यायची, चाकरमान्यांच्या सामानाबरोबर किंवा रातराणीच्या डिकीतून, आणि ट्रिनिटी-ट्रायटनसोबत फ्लॉप्यांचा डबा. पावसाळ्यात त्या फ्लॉप्यांना बुरशी धरायची ते वेगळंच.

मोटिफ 2001 चा. पुढे त्याच्याच आवृत्त्या, 2003 ला ईएस, 2007 ला एक्सएस आणि 2010 ला एक्सएफ. ईएसवर ज्यांनी शो केलेत त्यांना विचारा, बनवलेली गाणी तात्पुरत्या मेमरीत असायची, म्हणजे लाईट गेली की गाणी साफ, परत कार्डावरून नाहीतर पेनड्राइव्हवरून लोड करा आणि तोवर निवेदकाने विनोद सांगत बसायचं. तरी लोक त्यालाच चिकटून राहिले कारण पॅटर्न मोड. एका पॅटर्नला 16 सेक्शन, मुखडा एकात, अंतरा दुसऱ्यात, म्युझिक तिसऱ्यात. हळदीच्या कार्यक्रमात लोक नाचायला लागले की तोच अंतरा चार वेळा फिरवायचा, आणि गायक ऐनवेळी म्हणाला की आज घसा बसलाय, काळी चार नको काळी दोन घे, तर सिक्वेन्सची पट्टी तिथल्या तिथे खाली. मोबाईलवरच्या मायनस ट्रॅकला (गायकाचा आवाज काढलेलं तयार संगीत) हे असं जमत नाही, पट्टी दोन-तीन घरं उतरवली की ढोलकीचा आवाज मेल्यासारखा येतो.

आणि नेमकं तेच यामाहाने 2016 ला काढलं. मोटिफची जागा घेणारा मोंटाज आला, आवाजाला तोड नाही, एफएम-एक्स नावाचं आवाज तयार करणारं इंजिन, एक मोठा चकचकीत नॉब, पण पॅटर्न मोड गायब. गाणं सरळ रेकॉर्ड करायची साधी सोय ठेवलेली, सेक्शन वगैरे काही नाही, आणि जाहिरातीत वर्कस्टेशन (म्हणजे आवाज आणि सिक्वेन्सर दोन्ही असलेला कीबोर्ड) म्हणायचंही टाळलेलं. बाजू मांडली गेली ती अशी की आता सगळे कॉम्प्युटरवरच सिक्वेन्सिंग करतात, वाद्याबरोबर सॉफ्टवेअरही दिलंय. स्टुडिओत बसणाऱ्याला हे पटण्यासारखंच आहे. पण पडवीत नाहीतर शाळेच्या पटांगणात, जनरेटरवर, समोर धुरळा आणि मागे खारा वारा, तिथे लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला काय सांगणार? जगभरातूनही कुरकुर झालीच असणार, कारण 2019 मध्ये अपडेट देऊन पॅटर्न सिक्वेन्सर परत आणला, आधी मोंटाजला आणि मग 2018 मध्ये आलेल्या त्याच्या स्वस्त भावाला, म्हणजे मोडएक्सला. मग वाद मिटला का, तर नाही. नव्यात एका पॅटर्नला 8 सीन (सेक्शनसारखेच तुकडे), जुन्यात 16 सेक्शन, आणि बोटांना बसलेल्या सवयी सगळ्या मोडायच्या. माझ्या मते 8 सीन आपल्या कार्यक्रमांना पुरतात, पण ज्याची दीडशे गाणी जुन्या पद्धतीने बांधलेली आहेत त्याला हे मी सांगायला जाणार नाही.

बाकी देवाणघेवाण बघितली तर मोडएक्स 6 फक्त 6.6 किलोचा, एक्सएफ 6 पंधराच्या आसपास, म्हणजे एसटीच्या फेऱ्या करणाऱ्याचा निकाल इथेच लागतो. उलट मोडएक्सच्या पट्ट्यांना आफ्टरटच नाही. सनई किंवा बासरी वाजवताना पट्टी खाली गेल्यावर अजून दाब दिला की एक्सएफवर कंप यायचा, तो आता डाव्या बाजूच्या चाकावरून (व्हील) काढा म्हणजे डावा हात गुंतला. पॉवर सप्लायही बाहेरचा, अ‍ॅडॉप्टर घरी विसरला तर कार्यक्रम संपला, साधी केबल शेजारच्या कॉम्प्युटरची काढून चालवता यायची ते दिवस गेले. काहीजण म्हणतात मग कोर्गचा 2020 चा नॉटिलस घ्या, त्यात 16 मिडी (कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद) आणि 16 ऑडिओ (प्रत्यक्ष आवाज) ट्रॅकचा पूर्ण सिक्वेन्सर आहे. आहे खरा, पण तो चालू व्हायला वेळ घेतो आणि आपल्याकडे लाईट एका संध्याकाळी किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

अदलाबदलीत खरं नुकसान होतं ते डेटाचं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. एक्सएफची ऑल फाईल (सगळा डेटा एकत्र ठेवणारी) मोडएक्स उघडतो म्हणून लोक बिनधास्त असतात, पण त्यातून आवाज येतात, गाणी येत नाहीत. गाणी हवी तर एक्सएफ हातात असतानाच प्रत्येक गाणं वेगळं मिडी फाईल म्हणून सेव्ह करावं लागतं, आणि पॅटर्नमध्ये बांधलेलं असेल तर आधी त्याची चेन करून (सेक्शन क्रमाने जोडून) साँगमध्ये कन्व्हर्ट करायचं, मग सेव्ह. दीडशे गाण्यांना किती रात्री लागतील ते बघा. गिऱ्हाईक दारात आल्यावर हे सुचून उपयोग नाही, तो तर पट्ट्या दाबून, स्क्रीनवर रेघा आहेत का बघून, पैसे मोजून पेटी गाडीत टाकायच्या घाईत असतो.