ख्रिसमस ट्री (तेलविहिरीवरील)

खनिज तेल वा नैसर्गिक वायूच्या विहिरीच्या तोंडावर बसवलेला झडपांचा उभा संच. पुष्कळदा विहीरमुखालाच ट्री म्हटले जाते, ते बरोबर नाही. विहीरमुख हे विहिरीच्या भिंतींना आधार देणाऱ्या आवरण नळ्यांचा (केसिंगचा) भार पेलते. ट्री त्याच्यावर बसते आणि प्रवाह हाताळते. वेधनकाळातील उद्रेकरोधक, म्हणजे तेल-वायूची अनावर उसळी रोखणारे उपकरण, ही तिसरीच गोष्ट. विहीर उत्पादनासाठी तयार झाली की तो उतरवून त्या जागी ट्री चढवतात.

उगम : नाव आकारावरून पडले असावे. बाजूला फुटलेल्या झडपा व त्यांची गोल हातचाके पाहता हे पटते. मतभेद संभवतो तो आरंभाविषयी. टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे १० जानेवारी १९०१ रोजी तेलाचा फवारा उसळला. रोज अंदाजे एक लाख पिंपे तेल वाया जात होते. विहिरीचे वेधन करणाऱ्या हॅमिल बंधूंनी झडपांची जोडणी रुळांवरून सरकवत तोंडावर आणली आणि सुमारे नऊ दिवसांनी विहीर आवरली. ट्रीचा इतिहास येथून सुरू करण्याचा मोह होतो. तथापि ती संकटातली जुळवाजुळव होती. असा संच आधीच बसवून ठेवण्याची रीत पुढील दोन-तीन दशकांत, जास्त दाबाच्या विहिरी वाढल्या तसतशी रुळली, असे मानणे अधिक सयुक्तिक. अमेरिकेतील ॲबरक्रॉम्बी व कॅमेरन यांचे १९२२ च्या सुमाराचे उपकरण याच काळातले, पण ते उद्रेकरोधक होते.

रचना : खालून वर दोन मास्टर (मुख्य) झडपा, मग प्रवाह आडवा वळवणारा जोड, त्याच्या बाजूंना विंग झडपा, माथ्यावर स्वॅब झडप (विहिरीत अवजारे उतरवण्यासाठीची) आणि टोपण. खालची मास्टर झडप शक्यतो हलवत नाहीत. ती बिघडली तर दुरुस्तीसाठी विहीरच खालून बंद करावी लागते. म्हणून बंद करताना आधी विंग, मग वरची मास्टर. उघडताना उलट क्रम. या झडपा पूर्ण उघड्या किंवा पूर्ण बंद ठेवायच्या. अर्धवट उघड्या ठेवल्यास वाळू त्यांच्या बैठका (झडप मिटताना टेकते ते भाग) खाते.

प्रवाहाचे माप ठरवतो तो विंगपुढील चोक. त्याच्या छिद्राचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात. ‘३२ चा चोक’ म्हणजे अर्धा इंच. ३२ वरून ४० वर गेल्यास व्यास चतुर्थांशाने वाढतो, क्षेत्रफळ मात्र दीडपटीहून अधिक. चोकपुढचा दाब मागच्या दाबाच्या साधारण निम्म्याखाली असेल, तर पुढच्या नळीतील चढउतार विहिरीला जाणवत नाहीत. चोकचा खरा उपयोग हाच. वाळूमुळे आतली बीन (छिद्र असलेला बदलता तुकडा) झिजली की छिद्र मोठे होते आणि पाटीवर ३२ असतानाच उत्पादन वाढू लागते. असे वाढलेले उत्पादन ही आनंदाची नव्हे, बीन काढून मापण्याची वेळ असते. वायुविहिरीत दाब उतरताना चोकपाशी तापमानही घसरते; वायूत पाणी असल्यास पाणी व वायू मिळून झालेले बर्फासारखे हायड्रेट साचून वाट बुजते.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या विहीरमुख व ट्रीविषयीच्या ६ए विनिर्देशात २,००० ते २०,००० पौंड प्रति चौ. इंच अशा दाबश्रेणी आहेत. समुद्रतळावरील ट्रीच्या झडपा दुरून, बहुधा द्रवदाबाने चालवतात.