कोल्हापूर शहराचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा : पार्श्वभूमी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर महानगरपालिका आपला आपत्ती व्यवस्थापन आराखडा अद्ययावत करते. नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी क्रमांक बदलले जातात, निवारा केंद्रांची यादी तपासली जाते, बोटी आणि लाइफ जॅकेट मोजली जातात आणि नालेसफाई किती झाली याचा आढावा घेतला जातो. हे काम आवश्यक आहे. मात्र आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ साली झालेल्या दुरुस्तीने राज्य सरकारांना महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा दिली असल्याने, शहराच्या आराखड्याचा प्रश्न वार्षिक उजळणीपुरता उरलेला नाही. आजवर जिल्ह्याच्या आराखड्याचे एक प्रकरण म्हणून पाहिल्या गेलेल्या या दस्तऐवजाला स्वतःचे अधिकार आणि स्वतःची जबाबदारी मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. त्यात काय असावे हे ठरवायचे तर तो आजच्या रूपात कसा आला हे पाहावे लागते, कारण कोल्हापूरच्या आराखड्यातील जवळजवळ प्रत्येक कलम कोणत्या ना कोणत्या महापुराने लिहायला लावलेले आहे.

सुरुवात भूगोलापासून करणे भाग आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या व लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमानंतर ती शहराला वळसा घालून पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहरात वर्षाकाठी साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. या नद्यांचे उगम ज्या सह्याद्रीच्या कुशीत आहेत, त्या गगनबावडा आणि राधानगरीच्या पट्ट्यात तो कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणूनच शहरात ऊन पडलेले असताना पंचगंगा पात्राबाहेर पडल्याचे दृश्य कोल्हापूरकरांना नवे नाही. त्यात खालच्या अंगाला नदीचा उतार अत्यंत कमी आहे आणि नृसिंहवाडीजवळ कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी तुंबते. त्यामुळे येथील पूर चढतो झपाट्याने आणि उतरतो मात्र अत्यंत सावकाश. पुण्याच्या किंवा कोकणातल्या पुराचा अनुभव घेऊन येथे आलेल्या अधिकाऱ्याला हे संथपण सुरुवातीला उमगत नाही. पहिल्या दिवशी सुटकेची बोट लागते आणि पाचव्या दिवशी पिण्याचे पाणी, औषधे व चारा, हा क्रम येथे गृहीत धरूनच तयारी करावी लागते.

पुराची अधिकृत मोजणी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर होते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. या आकड्यांच्या आधीपासून शहराचे एक स्वतःचे मोजमाप होते आणि ते अजूनही वापरात आहे. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामातील मच्छिंद्री या ठरलेल्या खुणेला पाणी लागले की ‘मच्छिंद्री झाली’ असे म्हणतात आणि गंगावेशीपासून शिवाजी पेठेपर्यंत त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पाणी जामदार क्लबपर्यंत आले का, ही पुढची विचारणा. या लोकमापाकडे केवळ कौतुकाची बाब म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. आकडा नदीची उंची सांगतो, तर जामदार क्लब हे ठिकाण पाणी कोणाच्या दाराशी आले ते सांगते. चांगल्या आराखड्याला ही दुसरी माहितीच अधिक हवी असते.

जुने कोल्हापूर ब्रह्मपुरीच्या टेकाडाच्या आणि अंबाबाई मंदिराच्या परिसरातील उंचवट्यावर वसले. नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली गेली आणि त्यानंतर शहर हळूहळू उंचवटा सोडून पसरत गेले. शहराच्या दक्षिणेकडून येऊन पंचगंगेला मिळणारा जयंती नाला या वाढीच्या मधोमध आला. नदी चढली की नाल्याचे पाणी पुढे जाऊ शकत नाही आणि ते उलटे फिरून व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा या भागांत शिरते. म्हणजे नदीकाठापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या घरातही पूर येतो आणि तो सांडपाणी घेऊन येतो. या दुहेरी संकटाची दखल आराखड्यांनी बरीच उशिरा घेतली.

शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांचा या इतिहासात मोठा वाटा आहे. हे दरवाजे जलाशयाची पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. स्थापत्य म्हणून ते अजोड आहेत. पण पाऊस येण्याआधी त्यांतून पाणी सोडून धरणात जागा करून ठेवणे शक्य नसते. ‘राधानगरीचा अमुक क्रमांकाचा दरवाजा उघडला’ ही बातमी म्हणूनच कोल्हापुरात इतक्या काळजीने ऐकली जाते, आणि ती ऐकल्यावर शहराच्या हाती उरतात ते फक्त काही तास.

सरकारी पातळीवर आपत्तीचा विचार या भागात पुराआधी भूकंपामुळे झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचे हादरे कोल्हापुरालाही जाणवले होते. पुढे १९८९ च्या महापुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी येथे पर्यायी जागा देण्यात आल्या. पुनर्वसनाचा हा निर्णय योग्य होता, पण शेती, गोठे आणि जुनी घरे नदीकाठीच राहिल्याने वस्तीही बऱ्याच अंशी तेथेच राहिली. नवी जागा दिली म्हणजे जोखीम संपली, हे गृहीतक तीस वर्षांनी किती महाग पडले ते २०१९ साली दिसले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्राने जिल्हानिहाय आपत्ती व्यवस्थापन आराखडे करायला घेतले, मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभारला आणि आपत्ती येण्यापूर्वीच्या तयारीची सरकारी भाषा प्रथम रूढ झाली. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईबरोबर कृष्णा खोरेही पाण्याखाली गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले, जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करणे बंधनकारक झाले आणि महापालिकेकडे स्थानिक प्राधिकरण म्हणून जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशानुसार काम करण्याची भूमिका आली. पुढची जवळजवळ पंधरा वर्षे शहराचा आराखडा याच चौकटीत राहिला. कोणत्या पातळीला कोणती वस्ती हलवायची आणि कोठे न्यायची, हे त्याचे मुख्य अंग. सुतारवाड्यातील कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवणे हे तर दर पावसाळ्याचे ठरलेले पहिले पाऊल झाले.

ऑगस्ट २०१९ ने ही चौकट अपुरी ठरवली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, म्हणजे धोका पातळीच्या १२ फूट वर. शाळा आणि मठ हे निवारे लहान पडले, याहून गंभीर गोष्ट वेगळीच होती. बालिंगा, शिंगणापूर येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने ज्या घरांत पुराचा थेंबही शिरला नव्हता, त्या घरांचेही नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने शहराचा मुख्य रस्ता कित्येक दिवस बंद राहिला आणि इंधन, गॅस, भाजीपाला, औषधे यांची टंचाई झाली. दूध संकलन थांबले. चिखली-आंबेवाडीतील हजारो लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. एनडीआरएफ, लष्कर, नौदल यांच्यासोबत व्हाईट आर्मीसारखी स्थानिक पथके, तालमी आणि तरुण मंडळे पाण्यात उतरली. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे बोट उलटून झालेल्या जीवितहानीने सुटकेच्या कामातील अतिभार आणि अपुरी साधने किती घातक ठरतात हे दाखवून दिले.

आराखड्याच्या दृष्टीने २०१९ चा धडा नेमका होता. पूररेषेतील माणसे हलवण्याची योजना होती, परंतु पूररेषेबाहेर राहिलेल्या बहुसंख्य शहराचे पाणी, वीज, रस्ता आणि दवाखाना कसे चालू ठेवायचे याची योजना नव्हती. बुडालेला भाग आणि अडकलेला भाग या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. दुसरीचा विचार झाला नव्हता, आणि तो न होण्याची किंमत आजारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबांनी मोजली. म्हणूनच या मुद्द्यावर मी अधिक रेंगाळतो आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा त्याच उंचीच्या आसपास चढले. दोन वर्षांपूर्वीची आठवण ताजी असल्याने लोक या वेळी लवकर बाहेर पडले, जनावरेही आधी हलवली गेली, पण महामार्ग पुन्हा बंद झाला. या पुराच्या वेळी महापालिकेत नगरसेवक नव्हते. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती आणि प्रशासकीय कारभार पुढे अनेक वर्षे चालला. प्रभागातील कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे हे ठाऊक असलेली, लोकांना हक्काने जाब विचारता येणारी साखळी त्या काळात तुटलेली होती. पुढच्या आराखड्यांत प्रभाग पातळीची रचना लेखी आणि नावानिशी असणे त्यामुळे अधिकच गरजेचे ठरते.

२०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी, पूरक्षेत्रातील बांधकामे आणि पात्रातील अडथळे यांकडे लक्ष वेधले. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे हे पूर आले नाहीत, असे मतही तिने दिले आणि ते येथील अनेक कार्यकर्त्यांना आजही मान्य नाही. अलमट्टीतील पाणीसाठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकाच्या आग्रहामुळे हा वाद पेटता राहिला आहे. वाद महत्त्वाचा आहे, पण त्याचा निकाल बंगळूर, मुंबई आणि दिल्लीत लागेल. महापालिकेच्या हातात अलमट्टी नाही. तिच्या हातात जयंती नाला आहे, बांधकाम परवानगी आहे आणि उपसा केंद्रे आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने हाती घेतलेल्या कोल्हापूर-सांगली पूरनियंत्रण कार्यक्रमालाही याच यादीतील कामांची जोड लागेल.

या यादीत सर्वांत अवघड प्रश्न पूररेषेचा आहे. पाटबंधारे खाते २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव आणि दोन रेषांच्या दरम्यान अटींसह परवानगी, असे हे सूत्र आहे. ते कागदावर सुटसुटीत दिसते, पण २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांच्या आत पाहिलेल्या शहराने या शक्यतांची फेरमांडणी मागणे रास्तच आहे. नदीच्या बाजूला भराव टाकून उभी राहिलेली प्रत्येक इमारत पाण्याला दुसऱ्याच्या घराकडे ढकलते. आपत्ती आराखडा आणि विकास आराखडा वेगवेगळ्या कपाटांत राहिले, तर पहिल्याने वाचवलेले दुसरा बुडवतो.

काही बाबतींत चित्र सुधारले आहे. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शहरात आले, त्यामुळे पंचगंगेकाठच्या उपशावरील एकहाती भिस्त कमी झाली. अर्थात पुराच्या दिवसांत तिची वीज आणि दुरुस्ती अखंड राहील याची खातरजमा आराखड्यातच व्हायला हवी. २०२४ च्या जुलैमध्ये पंचगंगेने धोका पातळी ओलांडली, तेव्हा स्थलांतर पूर्वीपेक्षा शिस्तीत झाले.

त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री शहराला वेगळीच जखम झाली. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. पुराची सवय झालेल्या शहराने आगीकडे, गर्दीकडे आणि भूकंपाकडे दुय्यम म्हणून पाहिले होते, हे त्या रात्री लक्षात आले. नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या परिसरात लोटणारी गर्दी आणि महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड यांची अरुंद रुंदी पाहता अग्निशमन बंब आत कसा पोहोचेल, हा प्रश्न पुराच्या बोटीइतकाच खरा आहे.

२०२५ च्या दुरुस्तीनुसार नागरी प्राधिकरण स्थापन झाल्यास महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष असतील. त्यामुळे शहराचा आराखडा शहरानेच करायचा आणि त्याचे उत्तरही शहरानेच द्यायचे, अशी स्थिती येऊ शकते. कोल्हापुरात यात एक खास अडचण आहे. १९७२ साली महापालिका झाली, तरी हद्दवाढीचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला आणि शहर मात्र हद्दीबाहेर वाढत राहिले. चिखली, आंबेवाडी, शिरोली यांचा पूर आणि शहराचा पूर एकच असताना त्यांच्यासाठी दोन वेगळी प्राधिकरणे काम करणार असतील, तर पातळीची माहिती, बोटी, निवारे आणि रुग्णालयातील खाटा यांची वाटणी कोणी आणि कोणत्या फुटाला करायची हे आधी लेखी ठरलेले असावे लागेल. नव्या आराखड्याच्या पहिल्या बैठकीत गगनबावड्यापासून नृसिंहवाडीपर्यंतचा नकाशा टेबलावर असावा आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी त्या बैठकीत बसलेले असावेत, ही मागणी याच इतिहासातून येते.