गोल करवत : घरगुती सुतारकामातील

विजेच्या मोटरने फिरणाऱ्या दातेरी गोल पात्याने लाकूड, प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) सरळ कापणारे यंत्र. हातात धरून मालावरून चालवायची सर्क्युलर सॉ, टेबलाखाली पाते बसवून वरून माल सरकवायचा टेबल सॉ आणि पाते वरून खाली आणून पट्टी आडवी तोडायचा मायटर सॉ, असे तिचे तीन प्रकार हौशी सुतारांकडे आढळतात. पुण्यात घरगुती कारखाना म्हणजे बाल्कनी, गच्ची किंवा पार्किंगचा कोपरा. तिथे पहिल्या प्रकाराला खरे तर पर्याय नाही, म्हणून या नोंदीचा भर त्याच्यावरच आहे.

गोल पात्याचा उल्लेख असलेले पेटंट इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने १७७७ मध्ये घेतले. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांनी १८१३ च्या सुमारास ही करवत शोधली, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण तोवर ती इंग्लंडमध्ये चालू होती. हातात धरायची विजेची करवत विसाव्या शतकातली. ऊसतोड कामगारांचे कोयते पाहून एडमंड मिशेलने मोटरवर चालणारा कोयता करून पाहिला, त्यातून करवत आली आणि १९२४ मध्ये तिची कंपनी उभी राहिली. तीच पुढे स्किलसॉ झाली. ऊसतोडीच्या महाराष्ट्रात ही हकिगत फारशी कुणाला माहीत नसते, याचे नवल वाटते.

घरगुती यंत्राचे पाते १८४ ते १९० मिमी व्यासाचे, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘सात इंची’ असते. मोटर १,०५० ते १,४०० वॅट, वजन चार किलोच्या आसपास, वेग मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आगेमागे. काटकोनात सुमारे ६५ मिमी खोल काप मिळतो, ४५ अंशांत वीसेक मिमी कमी. १८ मिमी प्लाय, दीड इंची सागवानी चौकट आणि पाइनच्या फळ्या यांना हे भरपूर झाले. १८ व्होल्ट बॅटरीची, १६५ मिमी पात्याची करवत महाग पडते, पण पार्किंगमध्ये जवळपास प्लग नसेल तर तीच कामाला येते.

इंटिरियरच्या कामावर मिस्त्रीच्या हातात मात्र बहुधा सात इंची करवत नसतेच. असतो तो फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर, लाकडाचे पाते लावलेला. तो हलका, स्वस्त आणि एका हातात मावणारा. प्लायच्या तुकड्याला फट पाडून त्याखाली हाच कटर उलटा आवळला, बटण लॉक केले आणि चालू-बंद भिंतीवरच्या बोर्डावरून केले की मिस्त्रीचा टेबल सॉ तयार. पात्यावर झाकण नाही, पात्यामागे कापलेली फट उघडी ठेवणारी पाचर नाही. ११० मिमीचे पाते मिनिटाला १३,००० फेऱ्यांनी फिरले तर दातांचा वेग ताशी २७० किमीच्या आसपास भरतो; सात इंची पाते ५,५०० फेऱ्यांना १९० किमीच्या घरात राहते. वीस वर्षे हेच काम करणाऱ्याचा हात कुठे थांबायचे ते जाणतो. रविवारी दोन तास काम करणाऱ्याने त्याची नक्कल करू नये. शिवाय कटरचा काप जेमतेम ३४ मिमी खोल जातो, त्यामुळे जाड लाकडाला तो अपुराच.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खरी अडचण येते ती ८ बाय ४ फुटांच्या शीटची. ती लिफ्टमध्ये उभी राहत नाही, जिन्यावरून न्यायला दोन माणसे लागतात आणि छोट्या टेबल सॉवर ती एकट्याने सरळ सरकवणे अशक्यच. म्हणून शीट जमिनीवर ठेवून करवत तिच्यावरून फिरवायची. त्यासाठीची मार्गदर्शक पट्टी घरीच होते. ६ मिमी प्लायची आठ फूट लांब, फूटभर रुंद पट्टी घ्यायची. तिच्यावर १२ मिमी प्लायची अरुंद पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवायची. तिची कारखान्यातून आलेली सरळ कड करवतीच्या बाजूला ठेवायची. मग करवतीचा तळ त्या कडेला टेकवून एकदा शेवटपर्यंत चालवायची. खालच्या प्लायचा जादा भाग गळून पडतो आणि उरलेली कड म्हणजे पाते नेमके जिथून जाणार ती रेघ. पुढे प्रत्येक वेळी पेन्सिलच्या खुणेवर ही कड ठेवून दोन क्लॅम्प आवळले की झाले. मोजायला टेप पुन्हा काढावा लागत नाही. पाते बदलून वेगळ्या जाडीचे लावले तर मात्र पट्टी नव्याने करावी. गणपतीचे घडीचे मखर असो की पुस्तकांचे कपाट, इथल्या हौशी सुताराचे बहुतेक काम या एका पट्टीवर निभते.

हातात धरायच्या या गोल करवतीच्या पात्याचे दात खालून वर येत कापतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. सनमायका किंवा चांगला विनिअर (लाकडाचा पातळ थर) असलेली बाजू त्यामुळे खाली ठेवायची. टेबल सॉवर याच्या उलट. यंत्रासोबत येणारे २४ दातांचे पाते लाकूड रेषांच्या दिशेने उभे कापायला ठीक आहे, प्लायला ४० ते ६० दातांचे टंगस्टन कार्बाइडचे घ्यावे. पाते मालाच्या खाली पाचेक मिमीच निघेल एवढी खोली ठेवावी.

करवत मागे उसळणे, म्हणजे किकबॅक, हा सर्वांत मोठा धोका. शीट फक्त दोन टोकांना टेकवून मधोमध कापली की ती वाकते, फट मिटते, पाते आवळले जाते आणि यंत्र झटक्यात अंगावर येते. दोन स्टुलांवर प्लाय टाकून कापताना हेच होते. कापाच्या दोन्ही अंगांना खाली दोन-दोन बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, घातल्या तर तुकडे जागच्या जागी राहतात. पात्याचे खालचे, आपोआप मिटणारे झाकण अडकते म्हणून खिळ्याने वर अडवून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. ती मोडलेली बरी. सैल बाह्या, ओढणी आणि हातमोजे नकोत. गॉगल, कानाला प्लग आणि भुशासाठी मास्क हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत लाकडाचा भुसा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतो.

१,४०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे ६ अँपियर ओढते, सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त. बेडरूमच्या ६ अँपियरच्या प्लगपेक्षा ड्राय बाल्कनीतला वॉशिंग मशीनचा १६ अँपियरचा प्लग बरा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवली की तापते. ती पूर्ण उलगडावी. वेळेचे गणित अधिक बिकट आहे. अनेक सोसायट्यांत दुपारी आणि रविवारी ठोकाठोक बंद असते आणि नोकरदार सुताराला रविवारच मोकळा असतो. म्हणून जाणते लोक पहिले मोठे काप प्लायच्या दुकानातच पॅनल सॉवर, म्हणजे अख्खी शीट कापणाऱ्या मोठ्या यंत्रावर, करून घेतात. घरी उरते ते बारीक काम.

लाकडासाठी भवानी पेठेतले टिंबर मार्केट, हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आणि वायर-प्लगसाठी तापकीर गल्ली हे ठरलेले पत्ते. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवानही शहरात मिळते. रंधा मारल्यावर ते नव्या सागापेक्षा देखणे निघते, पण आत जुने खिळे दडलेले असतात, डोकी गंजून लाकडाच्या रंगाची झालेली. कापण्याआधी चारही बाजूंनी ताकदीचे चुंबक फिरवावे. सागात मुळातच सिलिका असते, त्याने धार बोथट होते ती वेगळीच. खिळ्यावर गेलेल्या पात्याचा कार्बाइडचा एखादा दात उडाला तरी पाते तपासल्याशिवाय पुन्हा चढवू नये. दोन-तीन उडाले असतील तर ते फेकून द्यावे.